हास्यवायु आणि शाकाहारी घर

ठाणें जिल्ह्यांत मानपाडा या नांवाचीं दोन ठिकाणें आहेत. एक ठाणें शहरांत, घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या बाजूस. दुसरें डोंबिवलीच्या पूर्वेस, कल्याण-शीळ रस्त्याच्या अंगाला, आणि स्टेशनाकडून तिकडे जाणारा तो सर्वांच्या परिचयाचा मानपाडा रस्ता. नांवांतील 'पाडा' हा शब्दच सांगतो कीं, एके काळीं दोन्हीं ठिकाणीं चार घरांची वस्ती असावी. आज दोन्हींकडे उंच इमारती उभ्या आहेत, आणि औषधांचीं दुकानें, दंतवैद्यांचे दवाखाने, प्रसूतिगृहें व रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळा यांच्या पाट्या जागोजाग दिसतात. या वस्तींत पिढ्यान्‌पिढ्या मांसमत्स्यांचा स्पर्शहि नसलेलीं घरें पुष्कळ आहेत. दंतवैद्याची खुर्ची, प्रसूतिगृहांतील खाट आणि आपलें शाकाहारी स्वयंपाकघर या तीन गोष्टींचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तो संबंध आहे. आणि तो ठाऊक नसल्यामुळें क्वचित् एखाद्या धडधाकट माणसाचे पाय अधू होतात. म्हणून हा लेखनप्रपंच.

वेदना शमविणाऱ्या औषधांमध्यें नायट्रस ऑक्साइड नांवाचा वायु फार जुना. त्यालाच लौकिकांत हास्यवायु म्हणतात, कारण तो थोडासा हुंगला असतां मनुष्य निष्कारण हंसूं लागतो. प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञानें तो १७७२ सालीं तयार केला. पुढें हंफ्री डेव्ही या तरुणानें ब्रिस्टल येथें तो स्वतः पुनःपुन्हा हुंगून पाहिला आणि १८०० सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, या वायूनें वेदना नाहींशी होते, तेव्हां शस्त्रक्रियेच्या वेळीं त्याचा उपयोग होऊं शकेल, असें नमूद करून ठेविलें. त्या सूचनेकडे चाळीसांहून अधिक वर्षें कोणी लक्ष दिलें नाहीं. मध्यंतरीं हा वायु जत्रेंतल्या करमणुकीचा विषय झाला. अमेरिकेंतील होरेस वेल्स या दंतवैद्यानें असाच एक खेळ पाहिला आणि दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे ११ डिसेंबर १८४४ रोजीं, तो वायु हुंगून आपली स्वतःची दाढ उपटून घेतली. त्याला कांहीं कळलें नाहीं. पुढच्या वर्षीं बोस्टन येथें वैद्यमंडळीसमोर त्यानें प्रयोग केला तेव्हां मात्र रोगी कण्हला, आणि वेल्सची हुर्यो झाली. एका कण्हण्यावरून एवढा शोध उडवून लावणारी ती मंडळी मोठी विद्वान् होती, हें विसरतां कामा नये!

असो. त्यानंतर शंभरांहून अधिक वर्षें हा वायु निरुपद्रवी समजला गेला. तो शरीरांत जातो तसाच श्वासावाटे बाहेर पडतो, आंत कांहीं बदल करीत नाहीं, अशी सर्वांची ठाम समजूत होती. या समजुतीला पहिला तडा कोपनहेगन येथें गेला. धनुर्वाताच्या रोग्यांना झटके येऊं नयेत म्हणून तेथील डॉक्टर त्यांना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवीत आणि हा वायु तासदोन तास नव्हे, तर दिवसेंदिवस अखंड देत. अशा रोग्यांच्या रक्तांतील पांढऱ्या पेशी झपाट्यानें घटूं लागल्या. हाडांच्या पोकळींतील मज्जा, जेथें रक्त तयार होतें, ती जणूं संपावर गेली. लासेन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हें १९५६ सालीं प्रसिद्ध केलें. वायु बंद करतांच मज्जा पुन्हा कामास लागे, म्हणजे अपराधी कोण याविषयीं शंका नव्हती. पण अपराधाची रीत कळत नव्हती. ती १९६८ सालीं रसायनशास्त्रज्ञांच्या हातीं लागली. हा वायु कोबाल्ट धातूच्या कांहीं संयुगांवर हल्ला करतो, असें त्यांना आढळलें. आणि शरीरांत कोबाल्ट म्हटला कीं एकच पदार्थ डोळ्यांपुढें येतो : ब-१२ जीवनसत्त्व. १९७८ सालीं एकाच वर्षांत दोन गोष्टी उजेडांत आल्या. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर चोवीस तास हा वायु दिलेल्या रोग्यांच्या मज्जेंत ब-१२ च्या अभावीं होणाऱ्या पांडुरोगाचींच चिन्हें दिसलीं. आणि अमेरिकेंत कांहीं माणसांच्या हातापायांची शक्ति व संवेदना गेल्याचें आढळलें, ज्यांतले बहुतेक स्वतः दंतवैद्य होते. त्यांपैकीं कोणी बंदिस्त खोलींत वर्षानुवर्षें तो वायु रोग्यांना देतां देतां स्वतःहि हुंगत राहिले होते, तर कोणी त्याच्या मौजेच्या नादीं लागले होते.

घडतें काय, तें स्वयंपाकघराच्या भाषेंत सांगतां येईल. ब-१२ च्या रेणूच्या मध्यभागीं कोबाल्टचा एक अणु बसविलेला असतो, आणि तो विशिष्ट अवस्थेंत असेल तरच त्या जीवनसत्त्वाचें काम चालतें. हास्यवायु त्या अणूला एक प्रकारें गंजवितो. पितळी पातेलें जागच्या जागीं असावें, पण त्याची कल्हई उडून जावी आणि त्यांत ताक ठेवण्याची सोय उरूं नये, तशी त्या ब-१२ ची स्थिति होते, असून नसल्यासारखें. त्याच्या आधारानें चालणारा एक महत्त्वाचा पाचकांश बंद पडतो. मनुष्याच्या यकृतांतील त्याची शक्ति हा वायु सुरू केल्यापासून साधारण पाऊण तासांतच निम्म्यावर येते, असें मोजून पाहिलें गेलें आहे. आणि नवा पाचकांश तयार होऊन गाडी रुळावर येण्यास तीनचार दिवस लागतात.

या पाचकांशाचीं कामें दोन. एक, होमोसिस्टीन नांवाच्या अनिष्ट पदार्थाचें मेथिओनीन या उपयुक्त पदार्थांत रूपांतर करणें. दुसरें, फोलिक आम्लाला मोकळें करून नव्या पेशी घडविण्याच्या कामाला लावणें. पहिलें काम थांबलें कीं ज्ञानतंतूंवरील स्निग्ध वेष्टनाची डागडुजी थांबते. विजेच्या तारेवरील रबर विरूं लागावें तसा हा प्रकार. दुसरें थांबलें कीं रक्त बिघडतें. ज्याच्या यकृतांत ब-१२ चा भरपूर सांठा आहे त्याला तीनचार दिवसांची ही अडचण जाणवतहि नाहीं. तो सांठ्यांतून नवा माल काढतो. सांठा भरलेला असला तर तो कित्येक वर्षें पुरतो. प्रश्न ज्याची कोठी आधींच रिकामी आहे त्याचा.

आणि कोठी कोणाची रिकामी आहे, हें सांगण्यास फार दूर जावें लागत नाहीं. पुण्याच्या के. ई. एम्. रुग्णालयांतील संशोधन केंद्रांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मध्यम वयाच्या ४४१ पुरुषांचें रक्त तपासलें. कांहीं खेड्यांतले, कांहीं झोपडपट्टींतले, कांहीं शहरी मध्यमवर्गांतले. २००६ सालीं हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकंदरींत शेंकडा ६७ जणांत ब-१२ कमी होतें. खेड्यांतील गरिबांची स्थिति सर्वांत वाईट असेल, अशी आपली अटकळ. पण सर्वांत वाईट आंकडा निघाला तो शहरी मध्यमवर्गाचा, शेंकडा ८१! चांगलें शिकलेला, चांगलें कमावणारा, दोन वेळां साग्रसंगीत जेवणारा हा वर्ग. शाकाहारी लोकांत ही उणीव अधिक होती, हें ओघानेंच आलें. हा आंकडा वाचून आम्ही बराच वेळ स्तब्ध बसलों, हें येथें सांगण्यास हरकत नाहीं.

वनस्पति ब-१२ तयार करीत नाहींत; तें केवळ कांहीं सूक्ष्म जंतु तयार करतात, आणि प्राण्यांच्या शरीरांतून तें आपल्यापर्यंत येतें. शाकाहारी माणसाला दुधातुपाखेरीज आसरा नाहीं, आणि त्यांतहि तुपांत तें जवळजवळ नसतेंच. प्रौढ माणसाला दररोज २.२ मायक्रोग्रॅम ब-१२ मिळावें, असें भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनें २०२० सालीं ठरविलें. एक मोठा पेला दुधांत तें सुमारें एक मायक्रोग्रॅम असतें, आणि दूध पुनःपुन्हा उकळल्यानें त्यांतलेंहि कांहीं जातें. आतां आपल्या घरांतला हिशेब मांडून पाहावा. तीन वेळच्या चहांत पडणारें दूध एकत्र केलें तर अर्धा पेलाहि भरणार नाहीं. वाटीभर पाणी घालून वाढविलेल्या ताकाची गोष्ट बोलावयास नको. शिवाय एकत्र कुटुंबांत दुधाची वांटणी कशी होते, हें सर्वांना ठाऊक आहे. प्रथम लहान मुलें, मग शाळाकॉलेजांत जाणारे, मग म्हाताऱ्यांचें रात्रीचें दूध, मग पुरुषांच्या पानावरचें दहीं. आणि सर्वांचें झाल्यावर पातेल्याला लागलेली साय जिच्या वांट्याला येते ती घरची सून. बाळंतपणाच्या वेळीं हास्यवायूची नळी नेमकी तिच्याच हातांत दिली जाण्याचा संभव असतो.

तिच्या बाबतींत आणखी एक गुंता आहे, आणि त्याचें एक टोंक मुंबईंतच आहे. १९२८ सालीं ल्यूसी विल्स ही इंग्रज विदुषी मुंबईस आली आणि गिरण्यांतून काम करणाऱ्या गर्भवती स्त्रियांना होणाऱ्या एका तीव्र पांडुरोगाचा शोध हाफकिन संस्थेंत राहून घेऊं लागली. यीस्टच्या अर्कापासून केलेल्या मार्माइट नांवाच्या स्वस्त पदार्थानें त्या स्त्रिया बऱ्या होतात, असें तिनें १९३१ सालीं दाखवून दिलें. त्या अर्कांतला गुणकारी पदार्थ म्हणजेच पुढें ओळखलें गेलेलें फोलिक आम्ल. तें १९४५ सालीं अमेरिकेंत कृत्रिम रीतीनें तयार करणाऱ्या मंडळाचे प्रमुख आपले यल्लाप्रगड सुब्बाराव हे होते. आज आपल्याकडील प्रत्येक गर्भवतीला लोहाबरोबर फोलिक आम्लाची गोळी मिळते, आणि ती मिळालीच पाहिजे. पण त्या गोळींत ब-१२ नसतें. ब-१२ कमी असतां एकट्या फोलिक आम्लानें रक्त सुधारल्यासारखें दिसतें. ज्ञानतंतूंचा बिघाड मात्र आंतल्या आंत चालूच राहतो. म्हणजे हिमोग्लोबिनचा आंकडा चांगला आला म्हणून निर्धास्त राहण्यांत अर्थ नाहीं. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या अभ्यासांत ब-१२ कमी आणि फोलिक आम्ल जास्त, असाच मेळ अनेक मातांमध्यें आढळला, आणि त्यांच्या मुलांत पुढें मधुमेहाकडे झुकणारी लक्षणें अधिक दिसलीं, हें २००८ सालीं प्रसिद्ध झालें आहे. तो स्वतंत्र लेखाचा विषय होईल.

आतां संकट येतें कसें, तें पाहूं. भूल देऊन शस्त्रक्रिया होते, सर्व यथास्थित पार पडतें, रोगी घरीं येतो. दोन आठवडे, कधीं महिनादीडमहिना जातो. मग पायांना मुंग्या येऊं लागतात, त्या हळूहळू वर चढतात. पायांतली चप्पल निसटून मागें राहते आणि चालणाऱ्याला पत्ता नसतो. अंधारांत चालतांना तोल जातो. न्हाणीघरांत डोळे मिटून तोंडावर पाणी मारतांना मनुष्य एकाएकीं झोकांडतो, कारण पाय कोठें आहेत याची बातमी पाठीच्या कण्यांतून वर जाईनाशी झालेली असते. मान पुढें वांकविली असतां पाठींतून विजेचा झटका गेल्यासारखें वाटतें. कित्येकांची स्मृति मंदावते, स्वभाव चिडचिडा होतो. पाठीच्या मज्जारज्जूच्या या विकाराचें वर्णन इंग्लंडांतील तिघां वैद्यांनीं १९०० सालींच करून ठेविलें होतें; ब-१२ हें नांवहि तेव्हां नव्हतें. केवळ शाकाहार आणि एकदां दिलेला हास्यवायु एवढ्यांवरून हा विकार जडलेल्या रोग्याचा वृत्तांत १९९६ सालीं एका इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकांत आला, आणि असे वृत्तांत त्याच्या आधीं व नंतरहि आले आहेत.

खेदाची गोष्ट ही कीं, इतक्या दिवसांनंतर या मुंग्यांचा संबंध त्या भुलेशीं जोडण्याचें कोणाला सुचत नाहीं. घरांत 'वात झाला' असें निदान होतें. तेल चोळलें जातें. तेवढ्यानें भागलें नाहीं तर औषधाच्या दुकानांतून दुखणें थांबविण्याच्या गोळ्या येतात. म्हणजे वेदनाशामकानें उघडें पाडलेलें दुखणें दुसऱ्या वेदनाशामकानें झांकण्याचा उद्योग सुरू होतो. हातांच्या बोटांचे सांधे काळवंडणें, जीभ गुळगुळीत होऊन तिखट न सोसणें, थोड्या श्रमानें धाप लागणें, हीं ब-१२ च्या उणीवेचीं जुनीं चिन्हें आपल्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांत किती दिसतात! तीं वयाच्या खात्यावर मांडलीं जातात.

येथें कोणी घाबरून जाऊं नये, म्हणून दुसरी बाजूहि तितक्याच स्पष्टपणें सांगितली पाहिजे. हास्यवायु हें वाईट औषध नव्हे. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारें सात हजार रोग्यांवर अनेक देशांत मिळून एक मोठी चांचणी झाली, तिचा निकाल २०१४ सालीं आला. हा वायु दिलेल्यांत मृत्यु वा हृदयाचे उपद्रव अधिक आढळले नाहींत. ज्याचा सांठा पुरेसा आहे त्याला एकदां, थोडा वेळ दिलेल्या वायूपासून भीति नाहीं. प्राणवायु व हास्यवायु समप्रमाणांत मिसळून, कळा येतांच बाईनें स्वतःच्या हातानें नळी धरून हुंगण्याची पद्धत इंग्लंडांत १९६१ पासून रूढ आहे, आणि आतां आपल्याकडील कांहीं प्रसूतिगृहांतूनहि ती मिळते. 'आमच्या वेळीं असलीं थेरें नव्हतीं, कळा सोसल्याच पाहिजेत' असें म्हणणाऱ्या सासूबाईंच्या बाजूनें हा लेख मुळींच नाहीं, हें आम्ही ठासून सांगतों. वेदना सोसण्यांत कसलेंहि पुण्य नाहीं. रक्ताची एक तपासणी आधीं करून घ्यावी, एवढेंच आमचें मागणें आहे.

ठरवून करावयाच्या कोणत्याहि शस्त्रक्रियेआधीं, आणि गर्भारपणांत शक्य तितक्या लवकर, शाकाहारी माणसानें ब-१२ पाहून घ्यावें. कमी निघालें तर डॉक्टरांच्या सल्ल्यानें इंजेक्शनें घेऊन कोठी भरतां येते, आणि तीं फार महागहि नाहींत. भूलतज्ज्ञ जेव्हां भेटावयास येतात तेव्हां रोग्यानें मधुमेह, दमा, रक्तदाब यांबरोबर 'आम्ही पूर्ण शाकाहारी आहों, दूधहि बेताचेंच घेतों' हें आपण होऊन सांगावें. तें विचारलें जाईलच असा भरंवसा नाहीं. त्यांच्यापाशीं दुसरीं साधनें पुष्कळ आहेत. शिवाय हा वायु पृथ्वीच्या हवेंतील उष्णता वाढविण्यांत कर्बवायूच्या सुमारें पावणेतीनशें पट प्रबळ असल्यामुळें कित्येक रुग्णालयें त्याचा वापर आपण होऊनच कमी करीत आहेत. ज्यांना तो वारंवार द्यावा लागतो, जसे भाजलेल्या जखमेची पट्टी रोज बदलावी लागणारे रोगी, त्यांच्याविषयीं विशेष जपलें पाहिजे. एका दिवसाची तूट भरून निघण्याच्या आंतच दुसऱ्या दिवसाची पडते.

वृद्धांचा एक आडमार्ग राहिला. गुडघेदुखीच्या गोळ्या पोटाला जाळतात म्हणून त्यांच्याबरोबर आम्ल कमी करणारी गोळी दिली जाते, आणि ती वर्षानुवर्षें चालू राहते. अन्नांतील ब-१२ सुटें होण्यास जठरांतलें आम्ल लागतें. तें आटलें कीं दुधांतलें ब-१२ पोटांत जाऊनहि अंगीं लागत नाहीं. अशा गोळ्या दोन किंवा अधिक वर्षें घेणाऱ्यांत ब-१२ च्या उणीवेचें प्रमाण अधिक असतें, असें २०१३ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या पाहणींत दिसून आलें. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीचाहि हाच गुण आहे. गुडघे, मधुमेह, पोटांतली जळजळ आणि शाकाहार, हीं चारहि ज्यांच्या ठायीं एकवटलीं आहेत असे आजोबा-आजी आमच्या वाचकांच्या घरांत असतीलच. त्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचा दिवस ठरण्यापूर्वीं वरची तपासणी व्हावी.

शेवटीं परदेशीं शिकावयास गेलेल्या मुलांविषयीं. इंग्लंडांत हा वायु लहान धातूच्या नळकांड्यांतून, साय फेंटण्याच्या सबबीखालीं, विकला जाई आणि तरुण मंडळी तो फुग्यांत भरून मौजेखातर हुंगत. पाय लुळे पडलेले विशीबाविशीचे रोगी लंडनच्या रुग्णालयांत इतके येऊं लागले कीं, ८ नोव्हेंबर २०२३ पासून तेथील सरकारनें मौजेसाठीं हा वायु बाळगणें गुन्हा ठरविलें. नेदरलंड्स देशानें त्याच वर्षाच्या आरंभीं बंदी घातली होती. या रोग्यांत आशियाई वंशाच्या तरुणांची संख्या लक्षांत येण्याजोगी होती. दारूला न शिवणारा मुलगा 'हा तर नुसता वायु' म्हणून फुगा हातांत घेऊं शकतो, हें त्याला निघण्यापूर्वींच सांगून ठेवावें. आणि एक बारकी पण उपयोगाची गोष्ट : हा वायु हुंगलेल्या माणसाच्या रक्तांत ब-१२ चा आंकडा पुष्कळदां ठीक दिसतो, कारण पदार्थ तेथें असतो, फक्त निकामी झालेला असतो. अशा वेळीं होमोसिस्टीन व मेथिलमॅलोनिक आम्ल हीं तपासावीं लागतात, आणि संशय बळकट असेल तर उत्तराची वाट न पाहतां वायु बंद करून इंजेक्शनें सुरू करतात. पहिल्या कांहीं आठवड्यांत उपचार झाले तर पाय बहुधा पुन्हा चालूं लागतात. महिनेच्या महिने गेल्यावर सर्व पूर्ववत् होईलच असें सांगतां येत नाहीं.